अप्पारावांच्या नावाचा पाईप

अप्पाराव हिवराळे चिडले की आधी त्यांचे कान लाल होतात, मग ते चष्मा काढतात, आणि चष्मा निघाला की समोरच्यानं आपलं घर गाठलेलं बरं. त्या सकाळी चष्मा निघाला तेव्हा समोर कुणीच नव्हतं. कानाला फोन होता आणि फोनमध्ये त्यांचा फर्दापूरचा चुलतभाऊ इंद्रजीत फिदीफिदी हसत होता.

"अप्पा, लेका, फेमस झालास! लेणी बघायला आलेली पोरं माझ्या टपरीवर चहा पीत तुझीच रील बघत्यात."

"कोनती रील?"

"डिझेलचोराची! पाठवलीय तुला. बघ आन् सांग, खरं हाय का. नाय, आपल्याला काय, घरचंच मानूस..."

फोन कट झाला. कुणी केला ते सांगायला नको.

रीलआधी गल्ली पाहून घेऊ, नाहीतर या रागाची उंची कळायची नाही. शहरालगतच्या लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याला, भावसिंगपुऱ्याच्या अंगाला ही उताराची गल्ली आहे. शहराला कुणी संभाजीनगर म्हणतं, कुणाच्या तोंडातून अजून औरंगाबाद निघतं; नळाचं पाणी मात्र कोणत्याच नावाला ओ देत नाही. उन्हाळ्यात तर ते येतच नाही, टँकर येतो. गल्ली अशी अरुंद की टँकरचं नाकसुद्धा आत शिरत नाही. तो वरच्या रस्त्यावरच थांबतो आणि तोंडाशी असलेल्या पहिल्या घराच्या हौदात रिकामा होतो. ते पहिलं घर अप्पारावांचं.

हा हौद म्हणजे अप्पारावांचा अर्धा जीव. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक असताना त्यांनी हा प्लॉट घेतला आणि भिंतींच्या आधी हौद बांधला. लोक म्हणाले, हिवराळे हौदात राहणार वाटतं. खाली काळा कातळ, खणता येईना, म्हणून हौद जमिनीवरच उभा केला, पुरुषभर उंच. खाली तोटी ठेवली नाही, कारण तोटी म्हणजे गळती, हा वर्कशॉपातला धडा. मग खालच्या घरांना पाणी द्यायचं कसं? पाईपाचं एक टोक हौदात सोडायचं, दुसरं उतारानं खालच्या घरच्या टाकीशी न्यायचं, तिथं तोंड लावून जोरात ओढायचं. एकदा पाणी ओठांना लागलं की ते आपल्या पायांनी वाहतं.

या प्रकाराला पुस्तकात काय म्हणतात ते पुस्तकवाल्यांना ठाऊक. वर्कशॉपात साहेब लोक 'सायफन' म्हणायचे आणि बाकीचे 'सायपन'. गल्लीत मात्र त्याला 'अप्पा' म्हणतात. पाईप म्हणजेही अप्पा आणि ओढणं म्हणजेही अप्पा. "आज आमच्याकडं अप्पा कधी लावता?" "अप्पा तुटला हो, हवा शिरली!" खालच्या चौकातल्या रसवंतीवर तर गल्लीतली एक सून उसाच्या रसात "एक अप्पा टाका" म्हणाली. रसवाला तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिला नळी हवी होती.

आणि आतली गोष्ट सांगायची तर अप्पारावांना हे फार आवडायचं. वरवर ते कपाळाला आठ्या घालायचे, पण गल्लीतून "अप्पा लावा" अशी हाळी आली की मिशीवर बोट जायचं. नवा पाहुणा आला की त्याला हौदापाशी नेऊन सांगायचे, "पाणचक्कीला पंपाबिगर पानी वर चढतं का नाय, तसंच हे. फक्त तिथं बादशाही नहर हाय, इथं मी हाय." मग शब्दाचा जन्म सांगायचे. ज्या साली जायकवाडीनं तळ दाखवला, त्या साली खालच्या सत्यभामाबाई तांगड्यांच्या लेकीचं लग्न होतं. घरात पाहुणे, चुलीवर कढया आणि टाकीत पाणी नाही. तेव्हा अप्पारावांनी पहिल्यांदा पाईप लावून आपला हौद त्यांच्या टाकीत उतरवला, आणि त्या दिवसापासून गल्ली या कामाला 'अप्पा' म्हणायला लागली.

"मानसाचं नाव दगडावर कोरत्यात," ते म्हणायचे, "माझं पान्यावर कोरलंय."

आता रील.

रीलमध्ये होती तनुजा, सत्यभामाबाईंची नात. डोळ्यांवर गॉगल, हातात हिरवा पाईप. "आजचा शब्द आहे आप्पा! अर्थ: तोंडानं ओढून पाणी, पेट्रोल, डिझेल बाहेर काढणे. स्पेलिंग: आ, प ला प, काना. आणि शब्द आला कुठून? तर आमच्या गल्लीत एक अप्पा राहायचे. ते काय करायचे, उभ्या गाडीच्या टाकीत पाईप घालायचे..." पुढं पोरीनं गाल आत घेतले, डोळे फिरवले, पाईपातून डिझेल ओढल्याचा, ठसका लागल्याचा आणि चोरासारखं पळाल्याचा असा काही अभिनय केला होता की परका माणूस हसून लोळेल. खाली हसणाऱ्या तोंडांची रांगच लागली होती.

अप्पारावांनी ती पुन्हा पाहिली, आणखी एकदा पाहिली. मग बनियनवरच उतार उतरले.

एक गोष्ट इथं सांगून ठेवायला हवी. हा माणूस वर्कशॉपातून निघताना हात तिथंच, तिथल्याच नळावर धुवायचा. घरी येऊन धुतले तर कामावरचं ग्रीस घरी आल्यासारखं व्हायचं. गीताबाई म्हणजे त्यांची बायको म्हणायची, "सरकारचा मळसुद्धा घरी आनत नाय ह्यो मानूस." अशा माणसाला डिझेलचोर!

तनुजा ओसरीवर केस वाळवत होती.

"तनुजा, मी मेलो का गं?"

"अं? नाही, हिवराळे आजोबा!"

"मंग 'राहायचे' असं का म्हनलीस? आन् आप्पा? माझ्या आधार कार्डावर अ हाय, आ नाय. चोर म्हनायचं तं निदान नाव तरी नीट ल्ही!"

पोरीच्या हातातला कंगवा खाली पडला. "तो अप्पा म्हणजे तुम्ही? मला वाटलं जुना कुणीतरी... आम्ही तर तुम्हाला हिवराळे आजोबाच म्हणतो ना. आजीनं सांगितलं की..."

आजी तिथंच उन्हाला पाठ देऊन मेथी निवडत होत्या. सत्यभामाबाई म्हणजे करमाडच्या जमीनदार घरची लेक. शहरात येऊन जन्म गेला, पण बोलताना हनुवटी अजून वाड्यावरच असते. त्यांनी मेथीवरची नजर काढली नाही.

"पोरीबाळींचा खेळ असतोय. एवढं काय मनाला लावून घेता?"

"पोरीला कुनी सांगितलं, वैनी?"

"सगळी गल्ली म्हनती. माझंच नाव कशाला?"

आतून त्यांचा मुलगा सोमनाथ दात घासता घासता बाहेर आला. "काका, लाखभर लोकांनी बघितलंय. आपल्या गल्लीचं नाव झालं की!"

"गल्लीचं झालं. माझं गेलं," अप्पाराव म्हणाले आणि चढण चढून परत आले. चढताना त्यांना धाप लागली नाही. रागाला धाप लागत नाही.

घरी गीताबाई भाकरी थापत होत्या. अप्पारावांनी घरभर येरझाऱ्या घातल्या, सत्यभामाबाईंच्या सात पिढ्यांचा हिशेब काढला आणि शेवटी म्हणाले, "लग्नाला पानी दिलं त्याचं हे नाव! आन् हिनं सांगावं चोर? कधीपासून म्हनत असल ही?"

गीताबाईंचा हात थांबला. मग पुन्हा थापायला लागला, पण भाकरी गोल होईना.

"काय गं?"

"काय नाय."

"गीता."

"लग्नाच्याच दिवसापासून," त्या म्हणाल्या.

मग जे बाहेर आलं ते असं. लग्नाच्या दिवशी गीताबाई वर हौदापाशी पाईपाच्या टोकावर दगड ठेवून उभ्या होत्या. पाणी लागलं की नाही ते बघायला त्या खाली तांगड्यांच्या भिंतीपर्यंत आल्या. भिंतीच्या आत टाकीशी अप्पाराव वाकलेले, तोंडात पाईप. अंगणात करमाडचे पाहुणे. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "सत्यभामे, ह्यो कोन गं, आपल्या टाकीला तोंड लावून बसलाय?" आणि सत्यभामाबाई हसून म्हणाल्या, "तो व्हय? अप्पा. गाड्यांतलं डिझेल चोरायचा. ओढायची सवय हाय त्याच्या तोंडाला, म्हनून बोलावलाय." पाहुणे खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "लाव रे मग अप्पा!" दुसऱ्यानं म्हटलं, तिसऱ्यानं म्हटलं. पंगत उठेपर्यंत शब्द गल्लीत पोचला होता.

अप्पाराव खुर्चीत बसले. "आन् तू ऐकलंस."

"ऐकलं."

"आन् इतकी वर्सं..."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी? पाईप उपटला असता. मांडवात पोरगी हळद लावून बसली व्हती, रूपाच्या वयाची. तिचा काय गुन्हा?"

रूपा ही त्यांची लेक, आता पाचोडला दिलेली. तिचं नाव निघालं तरी अप्पारावांचा राग उतरला नाही. उलट त्याला आणखी एक घर मिळालं. "मी मिशीला पीळ देत हिंडत व्हतो," ते म्हणाले. "पाव्हण्यांना हौद दाखवत. आन् तू बाजूला उभी राहून ऐकत व्हतीस."

"तुमी खूश व्हते," गीताबाई म्हणाल्या. "म्हनून."

अप्पारावांनी उठून पाईप गुंडाळला आणि आतल्या खोलीत खुंटीला अडकवून दार ओढून घेतलं.

पुढचा टँकर आला आणि हौद काठोकाठ भरला, पण पाईप बाहेर आला नाही. खालून हाळ्या सुरू झाल्या. "अप्पा लावा हो!" हाळी आली की अप्पाराव खिडकीतून एवढंच म्हणायचे, "अप्पा राहायचे! आता न्हाईत!" ज्याला पाणी हवं त्यानं हंडा घेऊन यावं, शिडीवर चढून बुडवून न्यावं. नाही कुणाला म्हटलं नाही. त्या घरात पाण्याला नाही म्हणायची रीतच नाही. पण उतारावरून भरला हंडा नेणं म्हणजे काय ते गुडघ्यांना विचारा. गल्लीच्या बायका आधी अप्पारावांवर चिडल्या, मग सत्यभामाबाईंवर. नळ कोरडे असले की गल्लीत राग मात्र मुबलक येतो.

तांगड्यांची गोष्ट वेगळी होती. अधिक महिना चालू होता आणि त्यांच्याकडं जावयाचं धोंड्याचं जेवण ठरलं होतं. तोच जावई, जो त्या कोरड्या सालात मांडवात उभा होता. पुरणाचे धोंडे, तळण, चांदीचं ताट आणि सोबत करमाडची पाहुणेमंडळी. एवढ्या खटल्याला हंड्यांनी पाणी पुरणार कसं?

त्या सकाळी सत्यभामाबाई स्वतः चढण चढून आल्या. सोबत तनुजा. अप्पाराव दारातच उभे होते.

"पाव्हणे बसलेत," बाई म्हणाल्या. "पाईप लावता का?"

"देतो की." अप्पारावांनी आतून पाईप आणला, एक टोक हौदात सोडलं, गीताबाईंनी सवयीनं त्यावर दगड ठेवला. बाकीचा पाईप खांद्यावर घेऊन ते उतार उतरले, थेट तांगड्यांच्या अंगणात, टाकीपाशी. पाहुणे खुर्च्यांत. जावई नवा टॉवेल खांद्यावर टाकून मधोमध. सोमनाथ लगबगीनं पुढं झाला, "या काका, या." मागून अर्धी गल्ली आली, म्हणे पाणी बघायला.

अप्पारावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पाईपाचं मोकळं टोक सत्यभामाबाईंच्या पुढं धरलं.

"ओढा."

"काय?"

"तुमीच ओढा, वैनी. माझ्या तोंडाला चोरीची सवय हाय. शुभ कामात चोराचं तोंड कशाला?"

"काका, मी ओढतो ना," सोमनाथ म्हणाला.

"तू नाय. तनुजाबी नाय. ज्यांनी माझं तोंड चोराचं केलं त्यांनी ओढायचं. नायतर हंडा हाय, चढण हाय."

आतून तळणाचा वास येत होता आणि बाई सारवासारव करू पाहत होत्या, "ते काय आहे पाव्हणं, आमचे हे शेजारी जरा थट्टेखोर..." पण समोर लाल कान होते. थट्टा त्या कानांत कुठंच दिसत नव्हती. शेवटी सत्यभामाबाईंनी पदर तोंडापुढं धरला, दातांची कवळी काढली आणि नातीच्या हातात दिली. मग वाकल्या आणि पाईप तोंडाला लावला.

गाल आत गेले, डोळे बाहेर आले. फुस्स. नुसती हवा. पुन्हा ओढलं. पुन्हा फुस्स. गल्लीत कुणीतरी खुदकन हसलं, मग हसू पसरलं. कवळी हातात धरलेली तनुजासुद्धा ओठ चावायला लागली. एकटे अप्पाराव हसले नाहीत.

"जमत नाय ना? दम लागतो त्याला," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या लेकीची टाकी भरंस्तोर मी इथंच वाकून व्हतो. ह्याच पाव्हण्यांनी इचारलं, ह्यो कोन. काय सांगितलंत?"

"असू द्या ना आता..."

"काय सांगितलंत?"

तेव्हा त्या बाई कडाडल्या. बिनदातांच्या तोंडातून शब्द सपासप सुटले. "मंग काय सांगायचं व्हतं? हिवराळे म्हनून सांगायचं? बौद्धवाड्यातला मानूस टाकीला तोंड लावून बसलाय, आन् त्याच पान्यात तुमच्या पुऱ्यांची कणीक मळलीय, असं सांगायचं? ही करमाडची पंगत तिथल्या तिथं उठली असती. पोरगी मांडवातून परत आली असती!"

"म्हनून चोर सांगितला."

"चोरापायी कुनी उठत नाय पंगतीतून!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं काय बोलल्या ते. खुर्च्यांत बसलेल्यांतल्या एकदोघांनी छताकडं पाहिलं, अंगणाला छत नव्हतं तरी. जावयानं खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला आणि त्याच्या घड्या घालत बसला. त्याच पाण्याच्या पुऱ्या त्यानंही खाल्ल्या होत्या, आणि चांगला जगला होता.

"वा," अप्पाराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण वर हौदाशी उभ्या गीताबाईंना ऐकू गेला. "म्हंजे चोराच्या तोंडाचं पानी चालतं. माझ्या तोंडाचं नाय. जल्मभर वर्कशॉपात तेलाचा थेंब घरी आनला नाय, म्हनलं कुनी बोट दाखवू नये. आन् तुमी बोट नाय, अख्खं तोंडच चोराचं करून ठेवलं. खालपासून वरपर्यंत पोरंसोरं माझ्या दारात मला चोर म्हनून हाका मारत व्हती आन् मी, येडा, ओ देत व्हतो."

पाईप अजून सत्यभामाबाईंच्या हातात होता, टोकाला त्यांची थुंकी.

अप्पारावांनी तो घेतला. पुसला नाही. धोतराच्या सोग्याला नाही, पाण्यानं नाही, हातानंसुद्धा नाही. सगळ्यांनी नीट बघावं इतक्या सावकाश त्यांनी तो तोंडाला लावला आणि एकदाच ओढलं. वरून घळघळ करत पाणी आलं. पहिला घोट थुंकायचा असतो, सगळेच थुंकतात. अप्पारावांनी तो गिळला. मग टोक टाकीत सोडलं आणि धार सुरू झाली.

"तुमच्या उष्ट्याचं पानी प्यालो," ते म्हणाले. "काय झालं नाय मला. धोंडे गोड करून घ्या."

आणि जाताना नातीला म्हणाले, "आता ल्ही. अ. काना नाय."

पाहुणे जेवले का? जेवले. तळण सोडून कुणी गेलं नाही, तीही गोष्ट गल्लीनं लक्षात ठेवली आहे. फक्त जावयानं ताटावरून उठल्यावर सासूला काही न बोलता चढण चढून हौदापाशी जाऊन अप्पारावांना नमस्कार केला, असं म्हणतात. अप्पारावांनी तो घेतला नाही, असंही म्हणतात. गीताबाई याबाबत विचारलं की भाकरीकडं बघतात.

तनुजानं पहिली रील काढून टाकली आणि दुसरी केली. गॉगल नाही, अभिनय नाही. शब्द, अर्थ, नाव नीट लिहिलेलं, आणि उगम जसा अंगणात ऐकला तसा, आजीच्या त्या वाक्यासकट. सोमनाथनं घरात आदळआपट केली, पण पोरगी हटली नाही. तिचे कानसुद्धा आता लाल व्हायला लागलेत. दुसरी रील फारशी कुणी पाहिली नाही. पहिली मात्र लोकांनी आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतली होती, ती अजून फिरते आहे.

इंद्रजीतचा फोन आला. "अप्पा, नवी रील बघितली."

"मंग?"

"खरी हाय रे. पन पयली भारी व्हती."

फोन पुन्हा कट झाला.

गल्ली आता मुद्दाम "अप्पाराव लावा हो" अशी हाळी देते. अप्पाराव खिडकीतून ओरडतात, "राव लावून काय उपकार करता? या, आन् ओढा!" कारण आता नियम तोच आहे. पाईप दारात टांगलेला असतो, हौद सगळ्यांना उघडा असतो, पण अप्पाराव कुणासाठी तोंड लावत नाहीत. ज्याच्या घरी पाणी जायचं त्यानं स्वतः ओढायचं, आणि पाईप पुसायचा नाही. पुसताना कुणी दिसलं की चष्मा निघतो.

टँकर आला की सगळ्यांत आधी सत्यभामाबाई येतात, कारण उशीर झाला तर पाईपावर आधी कुणाचं तोंड लागलंय ते सांगता येत नाही. कवळी मुठीत असते. ओढायला आता चांगल्या शिकल्यात. दुसऱ्याच दमात पाणी लागतं. मग तोंड पुसत त्या बाजूला होतात आणि त्यांच्यामागून तोच पाईप खालची घरं एकेक करून तोंडाला लावत जातात. पाणी कुणाच्या घरी कुणाच्या तोंडून आलं ते कुणी विचारत नाही. अप्पाराव खिडकीतून बघत असतात. कान लालच असतात.